एटीव्ही सुरू होत नाही तेव्हा



रायगड जिल्ह्यातील नागाव, काशीद यांसारख्या किनाऱ्यांवर फुगीर टायरांची, हँडलने वळणारी लहान वाहने पर्यटकांना वाळूत फेरी मारून आणताना दिसतात. एटीव्ही या नावाने ती सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. वाडी किंवा मासेमारी यांच्या जोडीला अनेक तरुणांना त्यांतून हंगामी उत्पन्न मिळते. हंगाम तो केवढा? दिवाळीची सुटी, नाताळ आणि मे महिना. अशा ऐन गर्दीच्या सकाळी वाहन सुरूच झाले नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडते. मग घाई होते आणि घाईत जो उपाय योजला जातो, तो बहुधा मूळ बिघाडाहून अधिक घातक असतो.

हा उपाय म्हणजे सेल्फ ‘डायरेक्ट’ करणे. रिलेच्या दोन टोकांवर पेचकस टेकवला की इंजिन फिरते, वाहन सुरू होते आणि चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु असे करताना काय घडते, हे समजून घेतले पाहिजे. बहुतेक लहान एटीव्हींत ब्रेकची मूठ दाबल्याखेरीज सेल्फ फिरत नाही. गिअर असलेल्या वाहनांत न्यूट्रलचीही अट असते. ही व्यवस्था विनाकारण केलेली नाही. स्वयंचलित क्लचच्या वाहनात इंजिनाचा वेग वाढला की क्लच आपोआप पकडतो आणि चाके फिरू लागतात. वाळू व खाऱ्या हवेमुळे ॲक्सिलरेटरची केबल अडकलेली असली आणि ब्रेक न दाबता इंजिन सुरू केले, तर वाहन जागच्या जागी उसळी घेते. समोर रांगेत उभी असतात ती पर्यटकांची मुले.

या वाहनांच्या धोक्याची जाणीव जगाला उशिरानेच झाली. १९७० साली होंडा कंपनीने अशा प्रकारचे तीनचाकी वाहन अमेरिकेत विक्रीस आणले. पुढे अपघात इतके वाढले की १९८८ साली न्यायालयाच्या संमती-आदेशान्वये तेथे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. आज आपल्याकडे दिसतात ती चारचाकी. ती अधिक स्थिर खरी, पण निर्धोक मात्र नव्हेत.

तेव्हा वाहन सुरू होत नसेल, तर प्रथम हत्यार हाती न घेता कान द्यावा. सेल्फचे बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल, तर चावी, फ्यूज आणि ब्रेकच्या मुठीपाशी असलेला लहानसा स्विच पाहावा. हा स्विच खाऱ्या हवेने गंजतो. तो पुसून स्वच्छ करावा किंवा बदलावा. त्याच्या दोन तारा एकत्र पिळून ठेवणे हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे. ‘टिक-टिक-टिक’ असा जलद आवाज येत असेल, तर बॅटरी उतरली आहे असे बहुधा समजावे. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; १२ च्या खाली आकडा गेला तर ती चार्ज केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. एकदाच ‘टक्’ असा आवाज होऊन इंजिन फिरत नसेल, तर रिलेचे संपर्कबिंदू किंवा जाड तारांचे जोड संशयास्पद ठरतात. किनाऱ्यावर तर बॅटरीची ऋण तार जेथे सांगाड्याला जोडलेली असते, तो बोल्ट सर्वांत आधी पाहावा. वरून तो घट्ट दिसतो, पण खाली हिरवट क्षार साठलेला असतो. पॉलिश पेपरने घासून वर थोडे ग्रीस लावले की पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

सेल्फ इंजिन जोमाने फिरवतो, तरीही इंजिन पेट घेत नाही, हा दुसरा प्रकार. येथे गमतीची गोष्ट अशी की, अनेक वाहनांत हँडलवरील लाल किल स्विच आणि मागे लोंबणारी सुरक्षा-दोरी केवळ ठिणगी तोडतात. सेल्फ फिरतच राहतो. कुणा मुलाने दोरी ओढलेली असते आणि इकडे कार्ब्युरेटर खोलला जातो! म्हणून ही दोन ठिकाणे आधी पाहावीत. त्यानंतर प्लग काढावा. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल, तर पेट्रोल अधिक झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. ओला प्लग पुसून वाळवावा, सिलिंडरलाही थोडा वेळ द्यावा आणि मग चोक न लावता सुरू करून पाहावे. सेल्फ एका वेळी चार-पाच सेकंदांहून अधिक फिरवू नये, मध्ये विश्रांती द्यावी. ठिणगी तपासताना जवळ उघडे पेट्रोल असता कामा नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगावे लागते.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दिवशी उद्भवणाऱ्या तक्रारींचे मूळ मात्र बहुधा पेट्रोलमध्ये सापडते. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या पावसाळी हवेत टाकी चार महिने अर्धवट भरलेली राहिली, तर पाण्याचे प्रमाण वाढून पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी वेगळा होऊ शकतो आणि कार्ब्युरेटरकडे आधी तोच जातो. शिवाय पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट साका मंदगतीच्या जेटचे छिद्र बुजवतो. हे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. त्यात तार खुपसली तर ते मोठे होते आणि नवाच दोष जन्माला येतो. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा एवढेच त्यास द्यावे. जुने पेट्रोल काढून ताजे भरले नाही, तर ही सर्व मेहनत वाया जाते.

पेट्रोल ताजे, ठिणगी निळसर व ठसठशीत, एअर फिल्टर वाळूने भरलेला नाही आणि तरीही इंजिन सुरू होत नसेल, तर दाब कमी झाला असावा. टॅपेट अति घट्ट झाल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हे काम मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेल्या किंवा अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

ही वाहने किनाऱ्यावर कोठे व केव्हा चालवावीत, विशेषतः ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात त्या वाळूत ती न्यावीत काय, हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. त्याबाबत जिल्हा प्रशासनाचे आदेश पाहावेत. परंतु जेथे ती चालतात, तेथील पंचायत सदस्यांना एक तपासणी सहज करता येईल आणि तिला यंत्राच्या ज्ञानाची गरज नाही. वाहन मोकळ्या जागी, माणसांपासून दूर उभे करून चालकाला ब्रेक न दाबता सेल्फचे बटण दाबण्यास सांगावे. ब्रेकची अट असलेल्या वाहनात इंजिन फिरले, तर तारा कोणीतरी जोडून टाकल्या आहेत. नंतर रीतसर सुरू करून सुरक्षा-दोरी ओढावी. इंजिन तत्क्षणी बंद पडले पाहिजे. हंगामाच्या आरंभी एकदा आणि नाताळच्या आधी एकदा, एवढे पुरे. एका वाहनास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणि मे महिना संपताच टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोलही काढून घ्यावे, बॅटरी उतरवून घरात कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी.