पुसता न येणाऱ्या फायली



पुष्कळ शाळांतून संगणक हे आता दप्तराचे कपाट झाले आहे. पटनोंदणी, निकालपत्रके, शालेय पोषण आहाराचे हिशेब, मुलांची छायाचित्रे, सारे त्यातच साठत जाते. कपाट भरले म्हणजे जुने कागद निकालात काढावे लागतात. त्याचप्रमाणे संगणकातील निरुपयोगी फायली वेळोवेळी पुसाव्या लागतात. अशा वेळी कित्येकदा यंत्र चक्क नकार देते. 'प्रवेश नाकारला', 'या कृतीसाठी परवानगी हवी', अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटते. यंत्र शाळेचे, फाईलही शाळेची. मग परवानगी घ्यावयाची ती कोणाची, असा प्रश्न शिक्षकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ठाऊक नसले म्हणजे काहीजण हात टेकतात, तर काहीजण मिळेल त्या उपायाने कुलूप फोडतात. यांपैकी दुसरा मार्ग अधिक हानिकारक होय.

हा नकार कोठून आला हे प्रथम पाहिले पाहिजे. आरंभीच्या संगणकावर एका वेळी एकाचेच काम चाले. सन १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच काळात काम करता येईल अशी योजना सिद्ध केली. अनेकांच्या फायली एका ठिकाणी आल्या, तेव्हा एकाच्या हातून दुसऱ्याचे काम नष्ट होऊ नये म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देणे भाग पडले. पुढे १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत वाचणे, लिहिणे आणि चालविणे असे तीन निरनिराळे अधिकार रूढ झाले. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये प्रत्येक फाईलला मालक आणि अधिकारांची यादी जोडण्याची सोय झाली; आजच्या विंडोजमध्ये तीच व्यवस्था चालू आहे. परवानगीचा हा पहारा मुळात अनेकांच्या सामाईक वापरातून निर्माण झाला, आणि शाळेचा संगणक तर सामाईकच असतो.

फाईल पुसणे म्हणजे काय, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. पुसण्याची आज्ञा मिळताच यंत्र मजकूर खोडीत बसत नाही. ते फोल्डरच्या यादीतून त्या फाईलची नोंद काढून टाकते. जनरल रजिस्टरातील मुलाचे नाव कमी करावयाचे झाल्यास मुलाची संमती पुरेशी नसते, रजिस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याचा अधिकार लागतो. युनिक्स व लिनक्स प्रणालींत नेमका हाच नियम आहे: फाईल पुसण्यासाठी मुख्यतः फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार पाहिला जातो. विंडोजमध्ये फाईल पुसण्याचा अधिकार त्या फाईलवर असला तरी चालते, अथवा ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर तसा अधिकार असला तरी चालते.

आता नकाराची कारणे क्रमाने पाहू. पहिले व सर्वांत साधे कारण म्हणजे फाईल वापरात असणे. एखादा कार्यक्रम ती उघडून बसलेला असला तर विंडोज ती पुसू देत नाही. येथे अधिकाराचा प्रश्नच नसतो. तो कार्यक्रम बंद करावा. कोणता कार्यक्रम आहे हे कळत नसल्यास 'रिसोर्स मॉनिटर' उघडून त्यातील 'सीपीयू' या भागात फाईलचे नाव शोधावे. तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. बहुसंख्य अडचणी येथेच संपतात.

दुसरे कारण मालकीचे. जुना संगणक मोडला आणि त्याची डिस्क नव्या संगणकाला जोडली, की तिच्यावरील फायलींचा मालक म्हणून जुन्या यंत्रावरील खाते नोंदलेले राहते. नव्या यंत्राला ते खाते ओळखता येत नाही, म्हणून नावाऐवजी एक लांबलचक क्रमांक दिसतो. अशा प्रसंगी प्रशासकाच्या खात्याने 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड' या क्रमाने जाऊन मालक बदलावा. तथापि मालकी मिळाली म्हणजे पुसण्याचा हक्क आपोआप मिळतो असे नाही. अधिकारांची यादी बदलण्याचा हक्क तेवढा मिळतो. यादीत स्वतःच्या खात्याला पूर्ण अधिकार दिल्यावरच फाईल पुसता येते.

तिसरे कारण असे की ती फाईल खुद्द प्रणालीची असते. विंडोज व्हिस्टापासून अशा फायलींची मालकी 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या नावाकडे असते व प्रशासकालाही त्या सहजी पुसता येत नाहीत. त्यांना हात लावू नये. विंडोजची जुनी आवृत्ती जागा अडवून बसली असेल, तर 'सेटिंग्ज'मधील 'स्टोरेज' या भागातून ती रीतसर काढता येते. तेथे बळाचा वापर करावा लागत नाही.

पेनड्राइव्हची गोष्ट निराळी आहे. त्यावर बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट ही मांडणी असते, आणि तिच्यात मालकीची व्यवस्थाच नसते. म्हणून पेनड्राइव्हवरील फाईल पुसली जात नसेल, तर ती उघडी आहे काय, फक्त वाचण्यापुरती राखली आहे काय, अथवा पेनड्राइव्हच बिघडला आहे काय, हे पाहावे. घातक कार्यक्रम स्वतः चालू राहून आपली फाईल पुसू देत नाही. त्यावर यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करून विषाणूनाशकाने तपासणी करणे हा उपाय आहे.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. वैतागून संपूर्ण डिस्कची मालकी एकाच झटक्यात बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने हट्टी फाईल जाते खरी, परंतु तिच्यासोबत साऱ्या पहाऱ्याचीही वाताहत होते. यंत्र सुरू होईनासे होण्याचाही संभव असतो. शिवाय आज्ञावलीने किंवा पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही. सहकारी शिक्षकाच्या खात्यातील, निरुपयोगी वाटणाऱ्या एखाद्या फोल्डरात एका वर्गाच्या वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी असू शकतात. त्या गेल्या तर मुलांच्या प्रगतीचा पुरावा गेला, आणि तो पुन्हा लिहून काढणे कोणाच्याही स्मरणशक्तीला शक्य नाही.

यास्तव शाळेने काही साधे नियम पाळणे इष्ट होय. प्रत्येक शिक्षकाचे खाते वेगळे असावे. प्रशासकाच्या खात्याचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या जबाबदारीत असावा, आणि नित्याचे काम त्या खात्यातून करू नये. बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर आपल्या फायलीही रीतसर स्वाधीन कराव्यात. मालकी बदलण्यापूर्वी मूळ मालकास विचारावे, आणि फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती उघडते याची खात्री करावी. त्यानंतरच फाईल पुसावी.

शिक्षकाला ही शिस्त नवी नाही. रजिस्टरातील नोंद खाडाखोड करून बदलावयाची नसते, दुरुस्ती केल्यास तीवर स्वाक्षरी करावयाची असते, हे तो पहिल्या दिवसापासून जाणतो. संगणकाचा नकार हा त्याच दप्तरशिस्तीचा भाग आहे. जो शिक्षक नकाराचे कारण शोधून मगच पुढे पाऊल टाकतो, त्याच्या हाती शाळेचे दप्तर सुरक्षित राहते. आणि त्याच्याभोवती जमलेली मुलेही कुलपावर हात उगारण्यापूर्वी किल्ली कोणाची आहे, हे विचारावयास शिकतात.