आमच्याकडं ‘औषध’ म्हणजे दोन गोष्टी

मी वणीवरून बोलतोय. आजच्या भागात आत्महत्येचा विषय आहे. ऐकताना जड वाटलं तर पॉज करा, जवळच्या कोणाशी तरी बोला. नंबर शेवटी देतोच.

आमच्या कापसाच्या पट्ट्यात ‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक दवाखान्यातून येतं, दुसरं कृषी केंद्रातून, फवारणीचं. ‘त्यानं औषध घेतलं’ असं कोणी म्हटलं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोटात धस्स होतं. पण मला आज बोलायचंय ते दवाखान्याच्या औषधाबद्दल. कारण ते बंद केल्यामुळं माझा दादा जाता जाता राहिला.

दादाला बायपोलर आहे. लिथियमची गोळी सुरू झाली आणि दोन वर्षं तो मस्त होता. शेत बघायचा, हसायचा. मग एका दिवाळीत म्हणाला, “मले आता काहीच होत नाही, गोळी कायले पाह्यजे?” आम्हालाही पटलं. डॉक्टरांना कोणी विचारलंच नाही.

दीड महिन्यात त्याची झोप उडाली. मग एकदम गप्प. एका रात्री म्हणाला, “माझ्या मांगं मायले पाहशील नं?” मी विषय बदलला आणि झोपायला गेलो. झोप कुठली येते! उठलो, त्याच्या बाजेवर बसलो आणि सरळ विचारलं, “दादा, जीव द्यायचा विचार येऊन राह्यला का?”

बराच वेळ गेला. मग तो “हो” म्हणाला आणि रडला.

मला वाटायचं, असं विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात येईल. तसं होत नाही. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. त्या रात्री मी त्याच्याजवळच झोपलो. आईनं फवारणीचं सगळं सामान काकाच्या घरी कुलपात ठेवलं. सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही यवतमाळला.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरं वाटतंय ते गोळीमुळंच. लिथियमचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी दाखवला. पुढं अनेक अभ्यासांत दिसलं, की नियमित घेणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी होतात आणि एकदम बंद केलं की धोका उलटा वाढतो. स्किझोफ्रेनियात क्लोझापिन नावाचं औषध आहे. २००३ साली आलेल्या ९८० रुग्णांच्या अभ्यासात त्यानं आत्महत्येचे प्रयत्न दुसऱ्या एका औषधापेक्षा कमी केले. त्यासाठी रक्ताची तपासणी मात्र नियमित लागते. कोणाला काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवणार.

लिथियमचीही रक्ततपासणी असते. आणि आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे! मे महिन्यात घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले, की रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळीनंही वाढतं. हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला, तर थेट दवाखाना. त्रास होतो म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतात.

आता आमच्या घरी काय चालतं? गोळ्यांचा साठा आईकडं, दादाच्याच संमतीनं. रोज रात्री जेवणानंतर गोळी, मोबाईलवर अलार्म. संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणतो. आणि झोप कमी झाली की वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

एक भीती असते, पोलीस केस होईल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. तेव्हा लपवू नका.

नंबर लिहून घ्या : १४४१६, टेलि-मानस. २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जीव लगेच धोक्यात असेल तर १०८ लावा, त्या माणसाला एकटं सोडू नका.

दादा आता हा भाग बाजूला बसून ऐकतोय. म्हणतो, “सांग त्यायले, गोळी खाल्ल्यानं कोणी कमी होत नाही.”

सांगितलं, दादा. भेटू पुढच्या भागात.