चौरंगाची फट

पुण्यातल्या एका वस्तीत आमचा 12 जणींचा बचत गट आहे. पापड-लोणच्यांनंतर आम्ही लाकूडकामात हात घातला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून फळ्या आणायच्या, बोहरी आळीतून हत्यारं आणायची आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाट, चौरंग करायचे.

पहिली मोठी ऑर्डर गौरी-गणपतीची, 15 चौरंगांची. रुंद फळी महाग पडते, म्हणून चौरंगाचा वरचा भाग तीन अरुंद फळ्या शेजारी शेजारी जोडून करतात. आम्हीही तसाच केला, तोही भर पावसाळ्यात. जिथे फट राहिली तिथे फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरला, वरून पॉलिश मारलं. देखणे दिसले हो! दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि पाच चौरंग परत आले. सांध्यातून आरपार दिसत होतं. पैसे परत केले आणि त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता प्रत्येकीने घरातून भरला. "हे बायकांचं काम आहे का?" असं ज्यांना घरी आधीच ऐकावं लागत होतं, त्यांना ते पुन्हा ऐकावं लागलं.

शेवटी ओळखीच्या एका सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फुटका सांधा हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "ताई, फेविकॉल चिकटवायला असतो, फट बुजवायला नाही." कड सरळ असेल तर फेविकॉलचा पातळसा थर पुरतो आणि सांधा फळीइतकाच मजबूत होतो. कड वाकडी असेल तर डबा ओतला तरी उपयोग नाही.

मग त्यांनी कड बघायला शिकवलं. एक फळी कडेवर उभी करायची, दुसरीची कड तिच्यावर टेकवायची आणि खिडकीसमोर धरायची. मधे उजेड दिसला तर मधे खोलगट आहे. दोन्ही टोकांना उजेड दिसला तर मधे उंचवटा आहे. वरची फळी हलकेच फिरवून बघा, उंचवटा असेल तर ती भोवऱ्यासारखी मधल्या मधे फिरते. यातला दुसरा दोष वाईट. लाकूड टोकांकडून आधी सुकतं, म्हणून सांधा आधी टोकालाच उघडतो. मधे कागदाएवढी फट चालते, आवळल्यावर ती मिटते. टोकांना मात्र अजिबात नको.

कड सरळ करायला रंधा लांब घ्या. छोटा रंधा खड्ड्यात उतरतो आणि पुन्हा चढतो, खड्डा तसाच राहतो. लांब रंधा उंचवट्यांवरच टेकतो आणि तेवढेच तासतो. सुरुवातीला दाब रंध्याच्या पुढच्या भागावर, फळीच्या शेवटाकडे जाताना मागच्या भागावर. आमची पहिल्या महिन्यातली सगळी टोकं घसरलेली होती ती याच चुकीने. आणि मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला तर केस उभे राहतात ना, तसंच लाकडाचं. रेषेच्या उलट मारलं तर चिंध्या निघतात, फळी फिरवून घ्या.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती सांगते. जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून आवळायच्या आणि दोन्ही कडा एकदमच रंधायच्या. हात थोडा तिरका गेला तरी हरकत नाही. एकीची कड 88 अंशांची झाली तर दुसरीची 92 होते. पुस्तक उघडलं की दोन्ही मिळून 180, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट. गुण्या लावून घाबरत बसायचं काम नाही.

मोठा शिकंजा महाग असतो. आम्ही एका जाड फळीवर दोन ठोकळे घट्ट बसवले, जोडायच्या फळ्या मधे ठेवल्या आणि बाजूने लाकडी पाचरी ठोकल्या. खाली वर्तमानपत्र. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कागद टाकून पाटा ठेवला. सांध्यातून फेविकॉलचे मण्यांएवढे थेंब आले की बास, जास्त ठोकलं तर सगळा बाहेर पळतो. ते थेंब जरा घट्ट झाले की खरवडा. रात्रभर हलवू नका. पोळपाट रोज पाण्यात जातो, त्याला पाण्यात टिकणाराच फेविकॉल लागतो, साधा सुटतो.

आमची दुसरी चूक खालच्या आडव्या पट्टीत होती. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आम्ही पट्टी सगळीकडून स्क्रूने जखडली होती, मग आकसताना सांधाच तुटला. आता मधला स्क्रू घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोकं कानशीने लांबट करतो.

लाकडाच्या वखारीत रंध्याचं मशीन असतं, काम मिनिटात होतं. तिथे जाणार असाल तर पदर खोचा, केस बांधा, बांगड्या काढून ठेवा आणि हातमोजे घालू नका. मोजा पात्यात गेला तर बोटंही त्याच्यामागे जातात.

परत आलेले ते पाच चौरंग आम्ही सांध्यावर कापले, कडा रंधून पुन्हा जोडले. अरुंद झाले, म्हणून त्यांचे पाट केले. गटाची बैठक आता त्यांवरच भरते. यंदाच्या चौरंगांचे सांधे आम्ही मे महिन्यातच, कोरड्या हवेत जोडून ठेवलेत.