आपला वाचनकट्टा : कादंबऱ्या आणि भांडणं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला सांगितलंय की वाचनकट्ट्याबद्दल थोडक्यात बोला, जेवण थांबलंय. तेव्हा अहवाल वाचत नाही, तो रजिस्टरमध्ये आहे. कुठल्या कादंबऱ्यांनी आपल्यात भांडणं लावली, तेवढं सांगते.

सुरुवात 'बनगरवाडी'नं केली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी, पातळशी. माणदेशातली धनगरांची वस्ती, तिथं शाळेवर आलेला पोरसवदा मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं उठलेलं गाव. आपल्याकडचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "माझी पहिली नेमणूक अशीच होती." त्या दिवशी पुस्तक बाजूला राहिलं, गुरुजींचंच ऐकत बसलो.

मग आनंद यादवांची 'गोतावळा'. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात, त्या गड्याचं मन तुटतं. आम्हा बायकांना रडू आलं. पण ज्यांनी जन्मभर शेती केली ते काका म्हणाले, "ट्रॅक्टर आला ते बरंच झालं की. बैलामागं चालून बघा एकदा!" मला ते पटलं. कादंबरी चांगली आहेच, पण काकांचंही खोटं नाही.

खरी कसोटी लागली ती 'झाडाझडती'ला. विश्वास पाटलांची ही जाडजूड कादंबरी धरणग्रस्तांची, १९९२ला साहित्य अकादमी मिळालेली. आता इंदापुरात धरण म्हटलं की उजनी. भीमेवरचं हे धरण १९८०ला पुरं झालं. पाणी आपल्या तालुक्यात शिरलं, गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाणी उतरलं की वर दिसतं. आणि त्याच पाण्यावर आपला ऊस उभा आहे, हेही खरंच.

बी विंगमधल्या आजोबांचं गाव त्या पाण्याखाली आहे. ते सरळ म्हणाले, "कादंबरीत काय वाचायचं? कागद घेऊन हेलपाटे आम्ही घातलेत. तुम्ही वाचा, मी येणार नाही." बैठक रद्द करावी असं दोघा-तिघांचं मत पडलं. मलाही अवघड वाटत होतं. पण आजी म्हणाल्या, "मला ऐकायचंय." आजींना अक्षरओळख नाही. मग सूनबाई रोज संध्याकाळी चार-पाच पानं मोठ्यानं वाचायला लागल्या.

आजी मध्येच थांबवायच्या. "आमच्यात असं नव्हतं," म्हणायच्या, आणि आपल्या आळीत कोण कुणाशेजारी राहायचं ते सांगायच्या. सूनबाईंनी ते नातवाच्या जुन्या वहीत उतरवून घेतलं. आजोबा आतल्या खोलीत टीव्ही लावून बसलेले असायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टीव्हीचा आवाज बारीक झाला. आणि एकदा आतूनच आवाज आला, "अगं, त्या घरापुढं चिंच नव्हती, लिंब होता." सूनबाईंनी वहीत चिंच खोडून लिंब लिहिला.

कादंबरी संपायला दोन महिने लागले. आजोबा बैठकीला काही आले नाहीत. वही मात्र त्यांनी स्वतः खाली आणून दिली, झेरॉक्स काढा म्हणून.

त्यानंतर आम्ही कृष्णात खोतांची 'रिंगाण' घेतली. २०२३चं साहित्य अकादमी तिला मिळालंय. विस्थापित माणूस मागं राहिलेल्या म्हशीसाठी परत जातो, एवढाच धागा, पण वाचताना धाप लागते. भाषा कोल्हापूरकडची, पहिली पानं अडखळतात. तरुणांनी दहा पानांत ठेवून देऊ नये, एवढीच विनंती. एकानं वाचून हलवून दिली की सगळ्यांना जमते, हा आमचा अनुभव.

आता कमिटीला एक सांगणं. मीटर-रूमशेजारचं पुस्तकांचं कपाट हलवून तिथं दोन स्कूटी लावायच्या, असा विषय पुढच्या जनरल बॉडीत येणार आहे म्हणे. पार्किंगची अडचण मलाही आहे, माझीच गाडी रस्त्यावर असते. पण कपाट हललं तर ते कुणाच्या तरी माळ्यावर जाणार, आणि माळ्यावरचं पुस्तक कोण काढतंय? जिन्यातनं जाता-येता दिसतं, म्हणून नेलं जातं. त्या वहीची झेरॉक्सही तिथंच ठेवलीय, वरच्या कप्प्यात. पाण्याखालच्या गावांतली आणखी घरं आपल्या सोसायटीत आहेत. त्यांनी त्यात आपापली आळी लिहावी, पानं कोरी ठेवलीत.

पुढची कादंबरी उद्धव शेळक्यांची 'धग'. प्रत एकच आहे, म्हणून वाचून दाखवणार आहोत. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, गच्चीवर. सतरंजी आपापली आणा.