दैवास दोष देण्यापूर्वीं कागद मागा
(शिरढोण, तालुका पनवेल येथें केलेलें भाषण)



आपलें शिरढोण मुंबई-गोवा रस्त्यावर. रस्त्यावर अपघात होवो कीं शेतांत हाड मोडो, इस्पितळ गांठावेंच लागतें. तेथें सांगतील तेथें अंगठा उठवावा, आणि माणूस दगावला तर ‘ब्रह्मलिखित’ म्हणून कपाळास हात लावावा, ही आपली रीत. ती मोडली पाहिजे.

याच कोंकणांत पालशेतच्या किनाऱ्यावर ६ मे १९५३ रोजीं एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. त्यास पुण्यास नेलें. तेथें नीट भूल न देतां जोरानें हाड ओढल्यामुळें धक्का बसून तो गेला, असें कोर्टांत ठरलें. आईबापांनीं दैवास बोल न लावतां दाद मागितली. १९६८ सालीं सुप्रीम कोर्टानें ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम थोडी, पण रोगी हातीं घेणें, उपाय ठरविणें व तो करणें, या तिन्हींत डॉक्टरानें वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हें ठरलें.

म्हणून सहीपूर्वीं विचारा: काय करणार? धोका कोणता? दुसरा उपाय आहे काय? उपचाराचे कागद मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. डॉक्टरावर हात मात्र टाकूं नका. प्रत्येक मृत्यु चुकीनेंच होतो असें नाहीं. पण कागद नसेल, तर झालेली चूक दाखविणार कशी?

अविद्येचा अनर्थ जोतीरावांनीं आपणांस दाखविला. इस्पितळाच्या दारांत तरी तो पुन्हां होऊं देऊं नका.