पोळी कुणाची, टाळी कुणाची?

 

आज वर्तमानपत्राबद्दल बोलूया. पेपर आपण थोडक्या पैशांत घेतो. एवढ्यात कागद, शाई, छपाई, गाडीभाडं भागत नाही. उरलेला खर्च जाहिरातींतून निघतो. शहरातल्या मोठ्या पेपरला गाड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिराती मिळतात. तालुक्याच्या साप्ताहिकाला काय मिळणार? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि सरकारी जाहिरात.

सरकारी जाहिरात मिळवायची तर पेपर शासनमान्य यादीवर असावा लागतो. खप बघून त्याचा वर्ग ठरतो, वर्गाप्रमाणे दर ठरतो. हा पैसा कुणा साहेबाच्या खिशातला नाही. आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो, त्यातलाच तो आहे.

‘लाडकी बहीण’ योजनेचंच बघा. २०२४ साली नुसत्या तिच्या प्रसिद्धीसाठी राज्य सरकारनं जवळजवळ २०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. योजना लोकांना कळायला हवीच. पण ज्याला जाहिरात हवी, तो संपादक त्याच सरकारची चूक छापताना दहादा विचार करतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. कुणी धमकी द्यावी लागत नाही. पुढची जाहिरात येईल का, ही काळजीच पुरते. पक्ष बदलले तरी हे बदलत नाही.

१३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी जाहिराती देताना ठरावीक पेपरांना जवळ करू नये. खपाप्रमाणे वर्ग करावेत, पण वाटप समान असावं.

यात आपलं काय जातं? सरकारी कामासाठी कुणाची जमीन जाणार असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हरकतीला ६० दिवस मिळतात. नोटीस छापून येते, पण जमीन जाणाऱ्या बाईचं म्हणणं त्याच पेपरात आलं नाही, तर तिची बाजू कळणार कुणाला?

सगळेच पेपर विकले गेलेत असं मात्र म्हणू नका. पदरमोड करून खरं छापणारेही आहेत. ते ओळखायला शिकूया.

पुढच्या बैठकीत एक पेपर मध्ये ठेवा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं. जाहिराती कुठल्या, बातम्या कुठल्या, ते वेगळं करा. बातमीत फक्त साहेबच बोलतात की गावची बाईही बोलते? पाण्याचा टँकर आला नाही, हे कुठं छापलंय का? चार आठवडे वहीत टिपून ठेवा.

मग माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. जिल्हा माहिती कार्यालयाला विचारा: मागच्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या कोणत्या पेपरला सरकारी जाहिरातींचे किती रुपये दिले? ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ते आलं, की वहीशेजारी ठेवून बघा. पैसा कुठं जास्त गेला आणि टाळी कुठं जास्त वाजली, ते तुम्हालाच दिसेल.

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब मागतो. हाही आपलाच पैसा आहे.