लोकमान्यांच्या मूळ गावची शाळा



गणपतीपुळ्याच्या या स्वयंभू गणरायाच्या जिल्ह्यातच, दापोली तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत चिखलगाव वसले आहे. लोकमान्य टिळकांचे हे मूळ गाव. लोकमान्यांनी १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभारले. त्यांच्या मूळ गावातील मुलांना मात्र शंभर वर्षांनंतरही माध्यमिक शिक्षणासाठी गावाबाहेर जावे लागे. लोकमान्यांचा जयजयकार करणारे तेव्हाही पुष्कळ होतेच! १९८० च्या दशकात डॉ. राजा व रेणू दांडेकर हे दांपत्य तेथे जाऊन राहिले आणि ग्रामस्थांना सोबत घेऊन त्यांनी शाळा उभी केली. पुस्तकी विद्येच्या जोडीला तेथे हाताला कामाचे वळण लावले जाते. कोकणचा मुलगा दहावी होताच मुंबईची वाट धरतो, मागे उरतात वृद्ध आईवडील आणि कुलूपबंद घरे. चिखलगावच्या शाळेची झुंज त्या कुलपांशी आहे.